गिरडच्या शिबिरातली धुरपतामाय

नेत्रशिबिरात डॉक्टरचं काम थोडं आणि नर्सचं फार, असं मी म्हटलं की आमचे डॉक्टरसाहेब हसायचे. पण ते त्यांनी कधी खोडून काढलं नाही. सराईत हाताला मोतीबिंदू काढायला चहा उकळण्याइतकाच वेळ लागे. त्यानंतर आठदहा दिवस त्या माणसाला उताणं निजवून ठेवायचं, हलू द्यायचं नाही, खोकू द्यायचं नाही, हसू द्यायचं नाही, हे काम नर्सचं.

आजच्या वाचकांना हे खरं वाटायचं नाही. आता माणूस सकाळी दवाखान्यात जातो आणि दुपारी घरी येऊन वरणभात खातो. पन्नासच्या दशकात तसं नव्हतं. बुबुळाच्या कडेनं काप घ्यायचा, मोतीबिंदूचा पिकलेला मणी बाहेर काढायचा आणि पापणी मिटवून वर घट्ट पट्टी बांधायची. आमच्या शिबिरांत टाका घालत नसत. तो काप आपला आपणच सांधायचा, आणि सांधेपर्यंत एक जोराची शिंकसुद्धा डोळा घालवायला पुरेशी होती. म्हणून एका डोळ्याचं ऑपरेशन असलं तरी पट्टी दोन्ही डोळ्यांना. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. चावायचं काही नाही, नुसती पेज आणि वरणाचं पाणी. आणि या सगळ्यावर नर्सचा धाक.

धाक घालायला मला बरं जमायचं. माझा आवाज मूळचाच जाड आणि खणखणीत. आमच्या मेट्रन म्हणायच्या, "तुझं तोंड ऐकून पेशंटचा ताप उतरतो." नोकरीत या आवाजाचा मला फायदाच झाला. एकदा मात्र तो नसता तर बरं झालं असतं, असं वाटत आलंय.

ते वर्ष छप्पन्न. मी वर्ध्याच्या दवाखान्यात होते आणि वर्धा तेव्हा मध्यप्रदेशात होतं. गिरडला नेत्रशिबिर ठरलं आणि मला सामान घेऊन पुढे पाठवलं. डॉक्टरसाहेब नागपूरहून जीपनं येणार होते. हिंगणघाटपर्यंत रेल्वे, समुद्रपूरपर्यंत मोटार आणि पुढे रेंगी, म्हणजे आपली हलकी बैलगाडी. औजारांची पेटी मी मांडीवर घेऊन बसले होते. रस्ता असा की पेटीतल्या चिमट्यांचा आवाज बैलांच्या घुंगरांना साथ देत होता.

"राहण्याची उत्तम सोय केलेली आहे," असं कळवण्यात आलं होतं. शाळेमागे कापूस साठवायचा एक कोठा होता, तो माझ्यासाठी रिकामा केला होता. रिकामा म्हणजे कापूस नेला होता. सरकीचा वास आणि उंदीर तिथंच होते. एक बाज होती, तिचा एक पाय आखूड, खाली वीट दिलेली. खिडकी नव्हती, पण छपराचे कवेलू इतके सरकले होते की पडल्या पडल्या आभाळ दिसे. न्हाणीघर म्हणजे पऱ्हाट्यांचा, कापसाच्या वाळल्या काड्यांचा आडोसा. त्याला दार नव्हतं, म्हणून मी माझं लुगडं आडवं बांधायची, आणि गावातली एक शेळी रोज ते लुगडं खायला यायची. दुसऱ्या दिवशी बुटात विंचू निघाला. मी ओरडले तेव्हा शेजारची बाई कुंपणावरून म्हणाली, "घाबरू नोका, बाई. एवढासा हाय, याचे मायबाप कोठ्यात असतीन."

सोय सांगितली ती तक्रार म्हणून नाही. पुढे अशा कितीतरी कोठ्यांत आणि धर्मशाळांत मी राहिले, आणि निवृत्त झाल्यावर मऊ गादीवर मला झोप येईना.

शाळेची एक खोली आम्ही चुन्यानं पांढरी केली, छताला ओल्या चादरी ताणून बांधल्या, म्हणजे वरून माती पडायला नको. दोन बाकं जोडून टेबल झालं. औजारं उकळायला स्टोव्ह आला. दवंडी फिरली होती. आसपासच्या गावांतून म्हातारी माणसं मुलासुनांच्या खांद्यावर हात ठेवून यायला लागली. सगळी तयारी झाली आणि हस्ताचा पाऊस कोसळला. नाल्याला पूर आला आणि डॉक्टरसाहेबांची जीप पलीकडे अडकली. दिवसामागून दिवस जायला लागले. मी आंधळ्या माणसांनी भरलेली शाळा सांभाळत बसले.

त्यांत धुरपतामाय होती.

साठीच्या आसपासची, काटकीसारखी बाई. हातांवर गोंदण. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून पांढरेफेक झालेले. मुलगा सुदाम तिला जवळच्याच एका खेड्यातून घेऊन आला होता. बाकीचे रोगी शाळेच्या सावलीत गप्पा मारत बसायचे. ही दिवसातून चारदा माझा आवाज हुडकत यायची.

"बाई, डाक्तर आले काय?"

"नाही आले, माय. नाला उतरला की येतील."

"दसऱ्याच्या आंधी मले डोळा भेटन ना?"

मी पहिल्यांदा हसले. म्हटलं, "दसऱ्याला सोनं वाटायला जायचं आहे का?"

"नागपूरले जायाचं हाय," ती म्हणाली. "बाबाले पाह्याचं हाय मले."

ज्यांना ती सगळी माणसं बाबा म्हणत, त्यांचं नाव मराठी वाचकाला सांगायला नको. त्या दसऱ्याला नागपुरात दीक्षेचा सोहळा होता. त्यांच्या पुऱ्यातला, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतला प्रत्येक माणूस जाणार होता. आजारी, लेकुरवाळ्या, सगळे. बायका पांढरी लुगडी मिळवायच्या खटपटीत होत्या. पायी जायचं ठरलं होतं, वाटेत मुक्काम करत. खरं सांगायचं तर तेव्हा मला त्यातलं फारसं कळत नव्हतं. मोठी सभा आहे, एखाद्या जत्रेसारखी गर्दी होणार, इतपत मला समजलं होतं. त्या माणसांच्या पाठीवरून काय उतरणार आहे याचा अंदाज मला नव्हता, आणि कुणाला विचारावं असंही मनात आलं नाही.

नाला उतरला आणि डॉक्टरसाहेब आले. आले तेच चिखलानं माखलेले, आणि हात धुऊन लगेच तपासायला बसले. रोग्यांच्या जागांवरून थोडी कुरबूर झाली. आमच्या माणसाला त्यांच्या माणसाशेजारी नको, असं काही जण म्हणायला लागले. डॉक्टरसाहेब मान वर न करता म्हणाले, "पट्टी बांधल्यावर शेजारी कोण आहे ते कोणालाच दिसणार नाही. ज्याला पट्टीतूनही दिसतं, त्याला ऑपरेशनची गरज नाही. घरी जावं." कोणी घरी गेलं नाही.

धुरपतामायचा डोळा पाहून ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "उजवा चांगला आहे, पण आता फार पिकलाय. आणखी थांबलो तर आत फुटेल, मग दुखणं आणि कायमचा काळोख. मी पुन्हा या भागात कधी येईन सांगता येत नाही. हिचं उद्याच करू."

मी मनात दिवस मोजले. दसरा अगदी तोंडावर आला होता. उद्या ऑपरेशन झालं तर दसऱ्याच्या दिवशी ती पट्टी बांधून उताणी पडलेली असणार. हे तिला आधी सांगायलाच हवं होतं. मी तिला आणि सुदामला बाहेर निंबाखाली बसवलं आणि सगळं उलगडून सांगितलं. आता ऑपरेशन केलं तर नागपूर नाही. नागपूरला गेलात तर डोळा नाही.

ती हातानं जमिनीवरची निंबाची पानं चाचपत राहिली.

सुदाम म्हणाला, "माय, चाल ना तू. दिसलं नाई तरी आवाज त आयकशीन. मी तुले खांद्यावर नेतो."

"आंधळीनं जाऊन काय करू रे?" ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "पन आवाज त आयकीन. हेबी खरं हाय."

मग तिनं तोंड माझ्याकडं वळवलं.

"बाई, तुमी शिकलेल्या हा. तुमी सांगा. मी काय करू?"

नर्सला असं रोज कोणीतरी विचारतं. त्याचं उत्तर द्यायला आम्हाला शिकवलेलं असतं. मी क्षणभरही थांबले नाही. माझ्या त्या खणखणीत आवाजात म्हटलं, "माय, डोळा घ्या. बाबा काय, पुन्हा येतील नागपूरला. डॉक्टर पुन्हा येणार नाहीत. पुढल्या खेपेला स्वतःच्या पायानं जा आणि डोळे भरून पाहा."

"पुन्ना येतीन?"

"येतील की. का नाही येणार?"

"मंग काढा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. भूल म्हणजे डोळ्यापुरती सुई, माणूस जागाच. टेबलावर कितीतरी जण देवाचा धावा करायचे, एक जण तर भीतीनं जावयाला शिव्या देत होता. धुरपतामायनं हूं की चूं केलं नाही. मणी अख्खा निघाला. डॉक्टरसाहेब खूश झाले. असा डोळा हाताखालून गेला की त्यांना दिवसभर बरं वाटायचं.

बायकांची खोली आणि पुरुषांची खोली यांच्यामध्ये बांबूच्या तट्ट्याची आड होती. पलीकडे रहीमचाचा होते. गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्याच्या पायऱ्यांशी फुलं विकायचे. पट्टी बांधून उताणे पडले तरी तोंड चालू. डोळे मिटले की माणसाला कोणाकोणाचं खरं रूप दिसतं यावर ते असं काही बोलायचे की तट्ट्याच्या दोन्ही बाजूंना लोक पोट धरायचे, आणि हसणं म्हणजे डोळ्यावर संकट. मी त्यांना दम दिला. ते म्हणाले, "बेटी, दवा तू देती है, थोडी मैं भी देता हूँ." शेवटी मी त्यांना सांगितलं की चाचा, रडवणारंही काही नको आणि हसवणारंही नको, मधलं काही असेल तर सांगा. ते म्हणाले, मधलं त्यांच्याकडे काही नाही.

मग तो दिवस आला. गिरडची आणि आसपासच्या खेड्यांतली माणसं निघाली. वाट शाळेवरूनच जात होती. सकाळची वेळ. आधी लांबून गलका ऐकू आला, मग गाणं, मग जयजयकार. मी ओट्यावर आले. पांढऱ्या लुगड्यांची रांग, डोक्यावर भाकरीची गाठोडी, कडेवर पोरं. काही म्हाताऱ्या काठी टेकत चालल्या होत्या. कितीतरी जणींच्या पायात काहीच नव्हतं. आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी दवाखान्यात इतकी माणसं पाहिली, पण तसा चेहरा मी पाहिला नव्हता.

सुदाम रांगेतून बाहेर पडून आत आला. आईच्या पायाशी बसला.

"मी नाई जात, माय. तुह्यापाशी राह्यतो."

"काऊन?" ती कडाडली. कडाडली म्हणजे ओठांनी. मान हलवायची नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. "मी पडून हाव म्हून तू बी पडून राह्यशीन काय? जाय. माह्या वाटचं तू पाह्य. आन आला का सप्पा सांगजो मले. काय नेसले होते, कसे बसले होते, काय बोलले. सप्पा."

तो गेला. रांग बराच वेळ जात राहिली. तिच्या ओळखीच्या बायका खिडकीशी थांबून हाक मारायच्या, "धुरपता, जातो वो!" आणि ही छातीवर हात जोडून पडल्या पडल्या म्हणायची, "जा माय, जा." मग आवाज लांब गेले, विरले, आणि शाळेत नुसत्या पट्ट्या बांधलेली माणसं उरली.

मी तिच्याजवळ गेले तेव्हा तिची हनुवटी थरथरत होती. श्वास अडखळायला लागला होता. मला ते लक्षण चांगलं माहीत होतं. हुंदका आला की डोळ्यावर दाब येणार, काप उघडणार, सगळं फुकट जाणार. मी तिचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि म्हटलं, "माय, रडू नका. रडायचं नाही. डोळा जाईल."

माझ्या सगळ्या नोकरीत मी रोग्यांना कितीतरी कडू औषधं दिली. पण कोणाला इतकी कडू गोष्ट मी सांगितली नाही. ज्या दिवशी तिला रडायचा पुरेपूर हक्क होता त्या दिवशी मी तिला रडू दिलं नाही.

तिनं ऐकलं. ओठ आवळून, माझा हात घट्ट धरून, छाती वरखाली होत राहिली तशी ती पडून राहिली. तट्ट्यापलीकडे रहीमचाचा दिवसभर एक शब्द बोलले नाहीत.

माणसं परत आली तोवर तिची पट्टी सुटायचा दिवस आला होता. पट्टी काढल्यावर रोग्याला लगेच लख्ख दिसतं असं लोकांना वाटतं. तसं नसतं. मणी काढलेल्या डोळ्याला जाड चष्म्याशिवाय सगळं धुक्यातलं दिसतं. तिला उजेड दिसला, दाराचा चौकोन दिसला, माझं पांढरं काहीतरी हलताना दिसलं. बोटं मोजता आली. डोळा वाचला होता. शाळेत आनंद झाला. चष्मे दीड-दोन महिन्यांनी यायचे होते.

सुदाम आला आणि आईशेजारी बसून सांगायला लागला. बाबा पांढऱ्या कपड्यांत होते, काठी धरून उभे होते, चेहरा असा होता, हात असा वर केला. ती मध्ये मध्ये थांबवून विचारायची, "थकल्यावानी दिसत होते काय?" "नाई माय, मस्त होते." आजूबाजूच्या बायकाही कान देऊन ऐकत होत्या. मला फार बरं वाटलं. निदान पोरानं तिच्यासाठी सगळं डोळ्यात भरून आणलं होतं.

संध्याकाळी तो विहिरीवर पाणी भरत होता. मी म्हटलं, "सुदाम, छान सांगितलंस रे. तू अगदी जवळ होतास वाटतं?"

त्यानं बादली खाली ठेवली.

"कायचा जवळ, बाई. मुंग्यायवानी माणूस होता तेथं. मी लय मांगं होतो. मले नुसतं पांढरं ठिपक्यावानी दिसलं. तेबी तेच होते का दुसरं कोन, सांगता येत नाई. मायले वाईट वाटन म्हून सांगतलं." मग म्हणाला, "आवाज मात्र सप्पा आयकू आला. भोंगे लावले होते ना. येक येक शब्द, कानापाशी बसून बोलल्यावानी. ते बोलाचे आन आमी सारे संगंसंगं म्हनाचो. डोळे मिटून म्हनत होतो, बाई. रडू आलं मले."

तिथं जे मिळायचं होतं ते कानांना मिळणार होतं. आंधळ्या बाईलाही डोळसाइतकंच मिळालं असतं. लेकाच्या खांद्यावर बसली असती तर कदाचित जास्तच. शब्द त्या सगळ्यांबरोबर म्हणायला डोळा लागत नव्हता. आणि मी तिला शाळेत वाळूच्या पिशव्यांमध्ये पाडून ठेवलं होतं.

तरी तेव्हाही मला पुरतं उमगलं नव्हतं. मी मनाशी म्हटलं, जाऊ दे, पुढल्या खेपेला जाईल.

शिबिर आटोपून मी वर्ध्याला परतले. नोव्हेंबरात आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला. कागदांवरचे शिक्के बदलले, वॉर्ड तेच राहिले. डिसेंबराच्या सुरुवातीला एका सकाळी मी वॉर्डात औषधं देत होते. झाडणारी गोदाबाई बाहेरून आली, हातातली बादली तशीच वाटेत ठेवली आणि भिंतीला टेकून खाली बसली. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "बाबा गेले, बाई." दिल्लीहून बातमी आली होती.

माझ्या डोळ्यांपुढे आधी निंबाखाली बसलेली धुरपतामाय आली. पुन्हा येतील की, का नाही येणार. माणूस आजारी आहे, थकलाय, हे पेपर वाचणाऱ्यांना ठाऊक होतं. मी पेपर वाचत नव्हते. आणि वाचत असते तरी डॉक्टरांनी पिकलेला डोळा दाखवल्यावर मी दुसरं काही सांगितलं असतं का, हे मला आजही ठरवता येत नाही. नर्स म्हणून माझा सल्ला चूक नव्हता. हेच त्यातलं वाईट आहे. चूक असती तर तिची माफी तरी मागता आली असती.

चष्म्यांची पेटी घेऊन गिरडला जायचं माझ्याकडेच आलं. दुसऱ्या कोणाला पाठवा, असं मी मेट्रनना म्हणून पाहिलं. त्या म्हणाल्या, "त्यांना तुझा आवाज ओळखीचा आहे." या वेळी थंडी होती, रस्ता कोरडा होता. कोठ्यात नवीन कापूस आला होता, म्हणून मला शाळेतच एक सतरंजी मिळाली. लोक आले, चष्मे लावून एकमेकांकडे पाहून हसले. रहीमचाचांनी स्वतःच्या बायकोला पाहून असं काही म्हटलं की ती पदर तोंडात धरून पळाली. या वेळी मी कोणाला हसायला मना केलं नाही.

धुरपतामाय आली नाही. मी चष्मा घेऊन तिच्या गावी गेले. पुऱ्यात कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. ती ओट्यावर बसली होती, पांढरं लुगडं नेसून. नागपूरला नेसायला म्हणून सुदामनं आणलेलं ते लुगडं. पुऱ्यात नंतर दीक्षा झाली तेव्हा ती ते नेसली होती आणि आता ते सोडत नव्हती, असं सुनेनं सांगितलं.

"माय, चष्मा आणलाय," मी म्हटलं. पुढं बरंच बोलायचं ठरवून गेले होते. वाटेत रेंगीत बसून शब्दही जुळवले होते. तोंडातून एवढंच निघालं.

तिनं हात पुढं केला. मी काड्या तिच्या कानांवर बसवल्या. तिनं आधी स्वतःचे हात पाहिले, उलटेसुलटे करून, गोंदणावरून बोट फिरवलं. अंगणातली कोंबडी पाहिली. सुदामकडे पाहिलं, आणि त्याचे केस कानाशी पिकायला लागलेत हे तिला दिसलं असावं, कारण तिनं तिथं हात लावला. मग ती माझ्याकडे वळली. बराच वेळ पाहत राहिली.

"तुमीच त्या नर्सबाई?"

"हो माय. मीच."

"येवढीशी पोरगी हा तुमी," ती म्हणाली. "आवाजावरून मले वाटलं, माह्या वयाच्या असान. म्हून आयकलं मी."

ती रागावून बोलली नव्हती. दिसलं तेवढं तिनं सांगितलं.